स्पेनला चाललोय, हॉटेलात ऑर्डर देण्यापुरतं स्पॅनिश कसं शिकू?

सदाफुली:

मंडळी, मदत हवीये. तीन आठवड्यांनी स्पेनला चाललोय, मी, नवरा आणि माझी आई, १२ दिवस. माद्रिद, सेविया, ग्रानादा आणि शेवटी बार्सिलोना. तिकिटं, राहायचं वगैरे सगळं झालंय, घोडं अडलंय ते जेवणाच्या ऑर्डरवर. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. नवऱ्याला शेंगदाण्याची ॲलर्जी. मी सगळं खाते पण बोलायचं म्हटलं की माझी दातखीळ बसते.

गेले दोन महिने मोबाईलवर एक ॲप घेऊन बसलेय रोज पंधरा मिनिटं, त्याने आत्तापर्यंत मला शिकवलंय की मुलगा सफरचंद खातो, बाई दूध पिते आणि माझी मांजर लाल नाही. आता ही लाल नसलेली मांजर घेऊन मी कुठल्या वेटरपुढे उभी राहू?? मग व्हिडिओ बघून साठ-सत्तर वाक्यं वहीत उतरवली, घोकली, आणि परवा नवऱ्याने वेटर बनून परीक्षा घेतली. माझं वाक्य मी झोकात म्हटलं, त्याने फोनमध्ये बघून उलट काहीतरी विचारलं आणि मी ठप्प. तो हसून हसून लोळला, मी वही फेकली.

तर खरंच उपयोगी पडतील अशी वाक्यं कुठली, उच्चार कसे करायचे, आणि आईच्या ताटात भलतंच काही येऊ नये म्हणून काय म्हणायचं, एवढंच सांगा. व्याकरण नको, तेवढा वेळ नाही.

उंटावरचा_शहाणा:

माद्रिदला दोन वर्षं होतो कामानिमित्त, त्यामुळे थोडं लांबण लावतो, माफ करा.

पहिली गोष्ट, वही फेकलीत ते उत्तम केलंत. साठ वाक्यं लागत नाहीत. तुमच्या नवऱ्याने जे केलं तेच तिथे होणार आहे, तुम्ही छान विचाराल आणि समोरून बंदुकीच्या गोळीसारखा प्रश्न येईल. त्यामुळे स्वतःची वाक्यं पाच-सहा पुरेत, बाकी वेळ वेटर काय विचारतो ते ओळखायला द्या. सुदैवाने वेटर जगभर तेच तेच विचारतो.

उच्चारात आपण मराठी लोक नशीबवान आहोत. त्यांचा त आणि द म्हणजे आपलेच त आणि द, प आणि क पण आपलेच, हवा न सोडता. इंग्रजी बोलणारे बिचारे टॉर्टिया टॉर्टिया करत बसतात, तुम्ही सरळ तोर्तिया म्हणा. र जिभेवर खणखणीत वाजवा, दोन र असतील तर गाडीचं इंजिन सुरू करा. ह लिहिलेला असतो पण बोलत नाहीत, म्हणून ओला, म्हणजे नमस्कार. जे अक्षर आलं की घसा खाकरल्यासारखा ह, म्हणून हामोन, म्हणजे मीठ लावून वाळवलेलं डुकराचं मांस. दोन एल म्हणजे य. व्ही शब्दाच्या सुरुवातीला ब, मधे आला तर ओठ पुरते न चिकटवता म्हटलेला ब, आपल्याला तो व सारखाच वाटतो. आणि माद्रिदकडे झेड, आणि ई किंवा आयच्या आधीचा सी, म्हणजे जीभ दातात धरून काढलेला थ. ग्राथियास, म्हणजे धन्यवाद. सेवियाला गेलात की तेच लोक ग्रासियास म्हणतात आणि शेवटचा स पण गिळून टाकतात, तेव्हा घाबरू नका, भाषा तीच आहे.

आता वाक्यं. आत शिरल्यावर 'ओला, ऊना मेसा पारा त्रेस, पोर फावोर', तिघांसाठी टेबल, पोर फावोर म्हणजे कृपया. मग तो विचारेल 'देन्त्रो ओ फुएरा?', आत की बाहेर. बाहेर म्हणजे फुटपाथवरची तेरासा, माद्रिदकडे तेराथा. तिथे पुष्कळ ठिकाणी तीच डिश जरा महाग असते हे लक्षात असू द्या.

मागवायला सगळ्यात कामाचं क्रियापद म्हणजे पोनेर. मूळ अर्थ ठेवणे. 'मे पोनेस ऊन काफे कोन लेचे?' म्हणजे मला एक दुधाची कॉफी ठेवतोस का. बारच्या काउंटरवर सगळे असंच बोलतात. आणि खाण्याच्या डिशसाठी त्याहून सोपी युक्ती, 'ऊना दे' आणि पुढे पदार्थाचं नाव. ऊना दे ब्रावास, एक बटाट्याची. दोस दे क्रोकेतास, दोन क्रोकेतांच्या, म्हणजे तळलेल्या रोलच्या. यात क्रियापदच नाही, चुकायला जागाच नाही! मी पहिले सहा महिने या 'ऊना दे'वर काढले.

आणि एक अत्यंत महत्त्वाचं, मेनू मागू नका. आपण ज्याला मेनूकार्ड म्हणतो त्याला तिथे 'ला कार्ता' म्हणतात. 'एल मेनू' म्हणजे 'मेनू देल दिया', दुपारचं ठरलेल्या किमतीचं जेवण, पहिली डिश, दुसरी डिश, गोड किंवा कॉफी, पाव आणि पेय. १९६० च्या दशकात पर्यटकांसाठी सरकारने सुरू करायला लावलेली पद्धत, आता तिथलेच नोकरदार रोज तेच जेवतात. आठवड्याच्या दिवशी साधारण १२ ते १६ युरोत पोट फुटेस्तोवर होतं. म्हणजे घ्याच, पण चुकून नको.

काठावर_पास:

वर एवढं सगळं सांगितलं पण जीव वाचवणारी गोष्ट राहिलीच. चिकनला 'पोयो'. शेवटी ओ. ओ म्हणजे ओ. शेवटी आ केलात तर स्पेनमध्ये ती पुरुषाच्या अवयवावरची कचकचीत शिवी होते. मी भर टेबलावर आठ जणांसमोर ग्रिल केलेली ती मागितली होती. वेटरने चेहरा जराही न हलवता लिहून घेतलं, हा त्याचा मोठेपणा.

दुसरं, खूप उकडत असेल तर 'एस्तोय कालिएन्ते' म्हणू नका, त्याचा अर्थ उकाड्याशी संबंधित नाही. 'तेंगो कालोर' म्हणा. कालिएन्ते हे सूप गरम आहे का विचारायला ठीक. आणि तिखट म्हणजे 'पिकान्ते', तो वेगळा शब्द. तसं तिथलं तिखट म्हणजे आपल्या दृष्टीने फिक्कंच, त्यामुळे 'नो पिकान्ते' वगैरे पाठ करण्यात मेमरी घालवू नका.

सदाफुली:

@काठावर_पास मी ऑफिसात वाचत होते, चहा नाकातून आला 😂

@उंटावरचा_शहाणा खूप खूप आभार, लांबण आवडली. पण आईचं काय? 'सिन कार्ने' म्हणजे मटणाशिवाय, एवढं म्हटलं की भागेल ना? व्हिडिओत तेवढंच होतं.

पाऊलवाट:

नाही भागणार ताई!! अजिबात नाही. मी स्वतः शाकाहारी आहे, दोनदा जाऊन आलेय, यात माझी पीएचडी झालीये समजा.

भानगड अशी की तिथल्या माणसाच्या डोक्यात कार्ने म्हणजे मांसाचा तुकडा. हामोन त्यात धरतच नाहीत कित्येकदा, हामोन म्हणजे जणू मसाला. मी पहिल्याच दिवशी 'सिन कार्ने' म्हणून हिरव्या शेंगांची भाजी मागवली, हुदीआस वेर्देस, नाव वाचून केवढा आनंद झाला होता. वाफाळती प्लेट आली, वर लसणाचे काप आणि मधेमधे गुलाबी चौकोनी तुकडे. मला वाटलं गाजर. चमच्याने उलटं करून बघितलं तर एका बाजूला पांढरी चरबीची रेघ. परत बोलावलं, म्हटलं अहो कार्ने नको म्हटलं होतं, तर तो मनापासून म्हणाला की हे कार्ने नाही, हामोन आहे. त्याच्या मते तो अगदी बरोबर होता.

म्हणून नुसता नकार देऊ नका, एकेकाचं नाव घ्या. आईंनी हे पाठच करावं: 'सोय बेहेतारियाना. नो कोमो कार्ने, नि हामोन, नि पोयो, नि पेस्कादो, नि वेवो.' सोय म्हणजे मी आहे (आपली सोय तशी होते का हा वेगळा प्रश्न). पेस्कादो मासे, वेवो अंडं. कोळंबी वगैरेला मारिस्कोस, ते पण जोडा.

आणि प्रत्येक डिशला एक प्रश्न, 'येवा हामोन?' यात हामोन आहे का. येवा म्हणजे यात असतं, पडतं. मालवणीतला 'येवा' लक्षात ठेवा, विसरणार नाही. येवा वेवो? येवा आतून?

हो, आतून. ट्यूना माशाला स्पॅनिशमध्ये आतून म्हणतात आणि तो खरोखरच आतून निघतो. साधी मिक्स सॅलड, एन्सालादा मिक्स्ता, त्यात बहुतेक ठिकाणी वर आतून आणि उकडलेलं अंडं. 'सान्द्विच बेहेताल', नावातच भाजी आहे, तरी त्यात पण आतून नाहीतर अंडं. बटाट्याच्या एन्सालादिया रूसामध्ये पण आतून. लेन्तेहास म्हणजे मसूर, पण त्यात चोरीथो सॉसेज शिजवतात. सूपला सोपा म्हणतात पण प्रकरण सोपं नाही, पाण्याऐवजी हाडांचा रस्सा असू शकतो, म्हणून 'एल काल्दो एस दे कार्ने?' विचारा. आणि मान्तेका शब्द दिसला तर स्पेनमध्ये ती डुकराची चरबी, लोणी म्हणजे मान्तेकिया. या दोनात गोंधळ नको.

आता घाबरवलं तेवढं पुरे, चांगलं पण सांगते. गास्पाचो थंडगार टोमॅटोचा, निर्धास्त घ्या. त्याचा घट्ट भाऊ साल्मोरेहो, त्यावर हामोन आणि अंडं भुरभुरवतात, 'सिन हामोन, सिन वेवो' म्हणा आणि पावात ऑलिव्ह तेलात घोटलेला तो प्रकार चाटूनपुसून खा. सेवियाला एस्पिनाकास कोन गार्वान्सोस, म्हणजे जिरं घातलेला पालक आणि काबुली चणे, आईंना घरी आल्यासारखं वाटेल. बेरेन्हेनास कोन मिएल, वांग्याचे तळलेले काप आणि वर काळसर पाक, तिकडे दक्षिणेत भरपूर मिळतात, फक्त आवरणात अंडं आहे का विचारा. पिमिएन्तोस दे पाद्रोन, तळलेल्या छोट्या मिरच्या, जाडं मीठ मारलेल्या, बहुतेक गोड्या पण दहा-पंधरात एखादी झणका देते. बार्सिलोनाला पावावर टोमॅटो चोळून देतात, त्याला तिथल्या कातालान भाषेत पा आम्ब तुमाकेत, आणि भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची एस्कालिवादा, वर मासा ठेवलेला नाही ना तेवढं बघायचं. तोर्तिया दे पातातास मात्र आईंना नाही, ते बटाट्याचं ऑम्लेट. तुम्ही खा, रोज खा.

ग्रानादात पेयाबरोबर छोटी डिश फुकट येते, तापा. न मागता येते आणि बहुधा मांसाचीच असते, म्हणून पेय मागवतानाच सांगायचं, 'ला तापा, सिन कार्ने नि पेस्कादो नि हामोन'. नंतर सांगून उपयोग नाही, ती प्लेट येऊन ठेपते.

उंटावरचा_शहाणा:

पाऊलवाट यांना दंडवत. हुदीआसवाला प्रसंग माझ्यासमोर एका मित्राच्या बाबतीत घडलाय, अगदी तोच संवाद.

नवऱ्याच्या ॲलर्जीचं राहिलं. शेंगदाणा म्हणजे 'काकावेते'. 'मी मारीदो एस आलेर्हिको आ लोस काकावेतेस.' काजू-बदाम-अक्रोड सगळ्याला मिळून 'फ्रूतोस सेकोस', ॲलर्जीच्या यादीत तो वेगळा गट, त्याची पण ॲलर्जी असेल तर वेगळं सांगा. युरोपात २०१४ पासून १४ ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती गिऱ्हाइकाला देणं हॉटेलांना बंधनकारक आहे, शेंगदाणा त्यात आहे. 'ला कार्ता दे आलेर्हेनोस' मागा, पुष्कळ ठिकाणी फाइलच काढून देतात. हे बोलून दाखवण्यापेक्षा कागदावर लिहून दाखवा, इथे उच्चाराची हौस नको.

पाण्याचं पण सांगतो. नुसतं 'आग्वा' म्हटलं की बाटली येते आणि बिलात लागते. 'ऊना हार्रा दे आग्वा देल ग्रीफो', नळाच्या पाण्याचा जग. २०२२ च्या कचऱ्याविषयीच्या कायद्यानुसार ते फुकट द्यावंच लागतं, तेव्हा मागायला लाजू नका. बाटलीच घेतली तर प्रश्न येतो 'कोन गास ओ सिन गास?', सोडा की साधं, आणि 'फ्रीआ ओ देल तिएम्पो?', थंड की बाहेरचं. देल तिएम्पो म्हणजे शब्दशः हवामानाचं.

बाकी त्याचे प्रश्न: 'या सावेन?' ठरलं का. 'पारा बेवेर?' प्यायला काय, हा नेहमी आधी येतो, खाण्याचं नंतर. 'दे प्रिमेरो? दे सेगुन्दो? दे पोस्त्रे?' पहिलं, दुसरं, गोड. 'आल्गो मास?' अजून काही, त्यावर तुम्ही 'नादा मास, ग्राथियास'. शेवटी 'कोन तार्हेता ओ एन एफेक्तिवो?' कार्ड की रोख. बास. नवऱ्याला हेच प्रश्न उलटेसुलटे करून विचारायला लावा, रोज जेवताना. वाक्य नाही कळलं तरी एक शब्द पकडायचा, बेवेर ऐकू आलं की पेय सांगायचं, तार्हेता ऐकू आलं की कार्ड काढायचं.

अमावस्या:

'मे पोनेस' म्हणजे सरळ अरेतुरे झालं ना? अनोळखी माणसाला? आम्हाला क्लासमध्ये 'किसिएरा' शिकवलं, मला आवडेल या अर्थी, तेच सभ्य म्हणून.

उंटावरचा_शहाणा:

@अमावस्या प्रश्न बरोबर आहे. किसिएरा चुकीचं नाही, टेबलक्लॉथवाल्या हॉटेलात शोभतंच. पण माद्रिदच्या गर्दीच्या बारमध्ये ते म्हणजे पानटपरीवर 'कृपया मला एक विडा मिळू शकेल का' म्हटल्यासारखं वाटतं. स्पेनमध्ये अरेतुरे फार पटकन होते, त्यात अपमान नसतो. वेटर वयस्कर असेल तर 'मे पोने' म्हणा, शेवटचा स काढला की अहोजाहो झालं. नुसतं 'किएरो', मला पाहिजे, हे मात्र कानाला जरा टोचतं.

आणि हे सगळं स्पेनपुरतं बरं का. मेक्सिकोत पोनेर चालत नाही, तिथे 'मे दा' किंवा 'मे त्राए', मला देता का किंवा आणता का. कोलंबियात तर 'मे रेगाला ऊन काफे' म्हणतात, शब्दशः मला कॉफी भेट देता का, आणि पैसे पूर्ण घेतात.

कॉफीवाला_नाना:

पोनेरवरून आठवलं, विषय थोडा सोडून. मालागाला एक काफे सेन्त्राल होतं, २०२२ च्या जानेवारीत बंद झालं. तिथे भिंतीवर टाइल्सचा तक्ता होता, ग्लासात कॉफी किती आणि दूध किती त्यावरून दहा नावं. अर्धी-अर्धी म्हणजे मिताद, दूध जास्त असेल तर सोम्ब्रा म्हणजे सावली, नावापुरती कॉफी असेल तर नुवे म्हणजे ढग. आणि शेवटच्या चित्रात रिकामा ग्लास, त्याचं नाव 'नो मे लो पोंगा', मला देऊच नका. ही नावं मालागात आजही चालतात. तुमच्या वाटेवर नाहीये पण ग्रानादाहून बस जाते 😊

पाऊलवाट:

बिलाचं कुणी सांगितलंच नाही की! तिथे न मागता बिल आणत नाहीत, जेवणानंतर तासभर गप्पा मारत बसणं याला त्यांच्यात नाव आहे, सोव्रेमेसा, आणि बिल आणून ठेवणं म्हणजे उठा म्हटल्यासारखं. आम्ही पहिल्या रात्री पाऊण तास वाट बघत बसलो, आम्हाला वाटलं विसरले, त्यांना वाटलं आम्ही रमलोय. 'ला क्वेन्ता, पोर फावोर.' टिप ऐच्छिक, सुटे राहिले तर ठेवायचे.

आणि वेळा सांभाळा. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊच्या पुढे. सहा-साडेसहाला गेलात तर 'ला कोसीना एस्ता सेर्रादा', स्वयंपाकघर बंद. आईंसाठी पर्समध्ये काहीतरी ठेवाच.

सदाफुली:

तुम्हा सगळ्यांना काय देऊ! वही परत उचलली, एकाच पानावर बसलं सगळं. काल रात्री जेवताना नवऱ्याने परीक्षा घेतली, आठपैकी सहा प्रश्न ओळखले. आता बघा हं माझी ऑर्डर:

ओला! ऊना मेसा पारा त्रेस, देन्त्रो. ऊना हार्रा दे आग्वा देल ग्रीफो. ऊना दे ब्रावास, मे पोनेस ऊना काफे कोन लेचे, आणि पारा मी माद्रे, सोय बेहेतारियाना, नो कोमो कार्ने नि हामोन नि पोयो नि पेस्कादो नि वेवो. ला क्वेन्ता पोर फावोर!

जमलं का?

उंटावरचा_शहाणा:

झकास. दोनच दुरुस्त्या. काफे पुल्लिंगी, म्हणून ऊन काफे. ब्रावासच्या सॉसमध्ये क्वचित मांसाचा रस्सा असतो, आईंना देणार असाल तर 'ला साल्सा येवा कार्ने?' विचारा, हे दुरुस्तीत धरू नका.

दुसरी मोठी. आईंसाठी तुम्ही बोलताय तर सोय नाही, 'एस बेहेतारियाना, नो कोमे कार्ने'. सोय म्हणालात तर तुमचं हामोन पण गेलं, दोघींपुढे गास्पाचो येईल.

काठावर_पास:

आणि पोयो म्हणताना आईंकडे बघू नका, हसू येईल.